संध्याकाळच्या घाईत एकाच कुकरचे दाट कढण



कामावरून घरी पोहोचायला सात वाजतात. कोणी कारखान्यात उभ्याने पाळी करून येते, कोणी दवाखान्यातले आयाचे काम संपवून, कोणी चार घरची धुणीभांडी उरकून, तर कोणी कार्यालयातून गर्दीच्या लोकलमध्ये लोंबकळत. पायातली चप्पल काढते न काढते तोच प्रश्न पुढे उभा असतो, आज रात्री काय करायचे? वरण, भात, भाजी, पोळ्या किंवा भाकरी असा सगळा स्वयंपाक करायचा म्हटला की दीड तास सहज जातो. चार भांडी खरकटी होतात ती वेगळीच. मग कधी नुसता चहा-पाव होतो, कधी कोपऱ्यावरून वडापाव येतो. पैसे जातात, पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगाला काही लागत नाही.

यावर उपाय आपल्या जुन्या स्वयंपाकातच आहे. हॉटेलात ज्याला सूप म्हणून छोट्या वाटीत देतात आणि भरपूर पैसे घेतात, त्याचे भाऊबंद आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या शिजत आले आहेत. आजारी माणसाला मुगाचे कढण, पावसाळ्यात हुलग्याच्या पिठाचे माडगे, ज्वारीच्या कण्या, आमटीत शिजवलेले शेंगोळे, वरणात सोडलेल्या चकोल्या हे सगळे एका भांड्यातले जेवण. घरात एकच पातेले आणि एकच चूल असायची, त्यातून ही रीत आली. तिला गरिबीचे जेवण म्हणून नाके मुरडली गेली. आता त्याच ज्वारी-बाजरीला चांगले दिवस आले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. मोठ्या दुकानांत ज्वारीच्या कण्या चकचकीत पिशव्यांतून विकल्या जातात. श्री. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली निघालेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद करून ठेवली आहे. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. आपल्या आई-आजीच्या हातचे पदार्थ पुस्तकात लिहिण्याच्या योग्यतेचे आहेत, हे मुलांनाही कळले पाहिजे.

म्हणून या वेळी डाळी, कण्या आणि भाज्या एकाच कुकरमध्ये शिजवून होणारे दाट कढण देत आहे. हे नुसते पिण्याचे पाणी नाही. वाडगाभर घेतले की जेवण होते.

साहित्य (चार-पाच माणसांसाठी, पाच लिटरचा कुकर)

अख्खा मसूर १ वाटी, सालीची मूगडाळ अर्धी वाटी, ज्वारीच्या कण्या १ वाटी, लाल भोपळ्याच्या फोडी १ वाटी, गाजर १, टोमॅटो २, कांदे २ मध्यम, लसूण १०-१२ पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, पालक किंवा शेवग्याचा कोवळा पाला चिरून २ मुठी, शेंगदाण्याचे कूट ३ चमचे, हळद अर्धा चमचा, धने-जिऱ्याची पूड २ चमचे, तेल ३ चमचे, मोहरी, जिरे, लाल तिखट किंवा घरचा काळा मसाला, मीठ, लिंबू १, कोथिंबीर.

वाटी म्हणजे आपली नेहमीची आमटीची वाटी, साधारण दीडशे मिलिलिटरची. ज्वारीच्या कण्या गिरणीवाल्याकडून ज्वारी भरड दळून आणल्या की मिळतात. घरी आणून चाळून घ्याव्या, खाली पडेल ते पीठ भाकरीला वापरावे. कण्या नसतील तर तांदळाची कणी किंवा गव्हाचा दलिया चालतो.

सकाळचे पाच मिनिटांचे काम

डाळी निवडण्याचे काम सुटीच्या दिवशी एकदमच करून बरण्या भरून ठेवाव्या. रोज सकाळी निवडत बसायला वेळ नसतो. कामावर निघण्यापूर्वी मसूर, मूगडाळ आणि कण्या एकत्र दोन-तीन पाण्यांनी धुवाव्या आणि भरपूर पाण्यात भिजत घालाव्या. संध्याकाळपर्यंत त्या फुगतात, लवकर शिजतात आणि गॅस वाचतो. उन्हाळ्यात भिजवलेले पाणी आंबते, म्हणून भांडे खिडकीच्या उन्हात ठेवू नये आणि शिजवताना ते पाणी टाकून द्यावे. लसूण सोलून डबीत ठेवला तर संध्याकाळची आणखी पाच मिनिटे वाचतात.

कृती

१. कांदा, टोमॅटो, गाजर आणि भोपळा मध्यम चिरावे. फार बारीक चिरत बसू नये, कुकरमध्ये सगळे मऊ होते. भोपळ्याची कोवळी साल काढण्याची गरज नाही.

२. कुकरमध्ये २ चमचे तेल तापवून मोहरी, जिरे तडतडू द्यावे. निम्मा लसूण आणि आले ठेचून घालावे, मग कांदा घालून गुलाबी होईपर्यंत परतावे. हळद, धने-जिऱ्याची पूड आणि टोमॅटो घालून दोन मिनिटे हलवावे.

३. भिजलेल्या डाळी-कण्या निथळून घालाव्या. गाजर, भोपळा घालावा. ९ वाट्या पाणी घालून तळापासून एकदा नीट ढवळावे, म्हणजे कण्या बुडाला धरणार नाहीत. या वेळी तिखट आणि मीठ घालू नये. त्याचे कारण पुढे सांगितले आहे.

४. झाकण लावून मोठ्या आचेवर दोन शिट्ट्या होऊ द्याव्या. मग आच बारीक करून दहा मिनिटे ठेवावे आणि गॅस बंद करावा. वाफ आपोआप जाऊ द्यावी. घाईने शिट्टी उचलली तर पातळ पदार्थ फसफसून वर येतो आणि हात भाजतो.

५. झाकण उघडल्यावर डावाने चांगले घोटावे. फार घट्ट वाटले तर दोन-तीन वाट्या गरम पाणी घालावे. पालक किंवा शेवग्याचा पाला आणि शेंगदाण्याचे कूट घालून पाच मिनिटे उकळू द्यावे.

६. घरात तान्हे मूल असेल तर त्याची वाटी याच वेळी बाजूला काढावी. सहा महिन्यांपुढच्या बाळाला हे कढण चांगले मऊ घोटून, मीठ-तिखट न घालता देता येते. एक वर्षापर्यंत बाळाच्या खाण्यात मीठ घालण्याची गरज नसते. मग बाकीच्यात मीठ घालावे. ज्यांना तिखट चालत नाही त्या म्हाताऱ्या माणसांचे आणि लहान मुलांचे वाडगे आता भरावे.

७. फोडणीच्या पळीत उरलेले तेल तापवून उरलेला लसूण ठेचून लाल करावा, गॅस बंद करून त्यात तिखट किंवा काळा मसाला घालावा आणि ही फोडणी कढणावर ओतावी. वरून कोथिंबीर घालावी. लिंबू मात्र प्रत्येकाने आपल्या वाडग्यात पिळावे.

हिशेब केला तर चिरणे, परतणे आणि शेवटची फोडणी मिळून आपले हात वीस मिनिटे गुंततात. उरलेली वीस-पंचवीस मिनिटे कुकर आपले काम करत असतो. तेवढ्या वेळात हातपाय धुऊन टेकता येते, मुलांची वही पाहता येते. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाला सोबत सकाळची भाकरी किंवा पाव द्यावा.

कुकरबद्दल थोडे

कुकरमध्ये अन्न लवकर का शिजते? उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांवर उकळते आणि आच कितीही वाढवली तरी त्याहून तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी साधारण एकशेवीस अंशांपर्यंत तापते. १६७९ साली लंडनमध्ये डेनिस पापिन या फ्रेंच माणसाने असे पहिले भांडे तयार केले होते, तेही कठीण हाडे मऊ करण्यासाठी. एकदा शिट्टी झाल्यावर मोठी आच ठेवून काही फायदा होत नाही. नुसता गॅस जळतो आणि कढण शिट्टीतून बाहेर येते.

डाळी आणि कण्यांना फेस येतो. म्हणून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. झाकण लावण्यापूर्वी शिट्टीचे भोक उजेडाकडे धरून पाहावे. कण्यांचा चिकट फेस त्यात वाळून बसला असेल तर तार घालून साफ करावे. रबर सैल किंवा चिरलेले असेल तर नवे आणावे. या रबराची किंमत भाजण्यावरच्या औषधापेक्षा कमीच असते.

टोमॅटोचे किंवा लिंबू पिळलेले कढण ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये रात्रभर ठेवू नये. आंबट पदार्थ त्या धातूला खातो. उरलेले स्टीलच्या भांड्यात काढावे. फ्रिज असेल तर निवल्यावर लगेच ठेवावे आणि सकाळी पूर्ण उकळून खावे. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतेच करावे. उकाड्याच्या दिवसांत रात्रभर बाहेर राहिलेली डाळ मुलांच्या डब्यात देऊ नये.

यात अंगाला लागणारे काय आहे?

नुसता भात किंवा नुसती भाकरी खाल्ली तर पोट भरते, पण शरीर बांधणारी प्रथिने पुरेशी आणि चांगल्या प्रतीची मिळत नाहीत. धान्यात जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी तो धान्यात असतो. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आज्यांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण वरणात चकोल्या सोडताना आणि डाळीबरोबर भाकरी कुस्करताना त्या हेच करत होत्या.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. जिना चढताना दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, सारखा थकवा वाटणे याला आपण 'कामाचा शीण' म्हणून सोडून देतो. मसूर, मूग आणि हिरव्या पाल्यात लोह असते, पण वनस्पतींतले लोह शरीर सहज उचलत नाही. आंबट फळातले क जीवनसत्त्व सोबत असेल तर ते अधिक उचलले जाते. म्हणून लिंबू हवेच. उकळल्याने क जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून ते कुकरमध्ये न घालता वाडग्यात पिळायचे. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहा लोहाला अडवतो. निदान तासभर थांबावे. फार थकवा असेल तर मात्र केवळ कढणावर विसंबू नये. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे आणि दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्याव्या.

शेवटी कोण जेवते?

आता जी गोष्ट सांगायची ती पाककृतीपेक्षा महत्त्वाची आहे. पोळ्या किंवा भाकऱ्यांचा स्वयंपाक असला की घरातली बाई चुलीपाशी उभी असते. गरम गरम एकेक पोळी ताटात पडत असते. सासरे जेवतात, नवरा जेवतो, मुले जेवतात. सगळ्यांचे झाले की ती बसते, आणि तोवर भाजीचा रस्सा तळाला गेलेला असतो. डाळीतले घट्ट आधीच वाढले गेलेले असते, तिच्या वाट्याला वरचे पाणी आणि सकाळची शिळी भाकरी. दिवसभर तीही राबली, पण शेवटचे आणि उरलेले ते तिचे. घरात डाळ शिजली तरी बाईचे रक्त का वाढत नाही, याचे एक कारण इथे आहे.

एका कुकरच्या जेवणात कोणाला चुलीपाशी उभे राहावे लागत नाही. कुकर मधे ठेवावा, तळापासून ढवळावे, म्हणजे घट्ट-पातळ सारखे होते. मग घरात जितकी माणसे तितके वाडगे एकदमच भरून ठेवावे आणि सगळ्यांनी एकत्र बसावे. सून, लेक, सासू सगळ्यांचा वाडगा सारखाच भरला पाहिजे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईचा वाडगा तर काठोकाठ हवा. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की पत्नीने पतीची मैत्रीण आणि बरोबरीची साथीदार म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये. ही बरोबरी सभेत टाळ्या वाजवून येत नाही. ती घरात जेवणाच्या पंगतीपासून सुरू होते.

दुसरा प्रश्न, हे कढण करायचे कोणी? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवसाचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करत होते त्यांची ९७ मिनिटे. आणि असे पुरुष होते तरी किती? शंभरात जेमतेम सव्वीस. बाकीच्यांनी दिवसभरात घरातल्या कामाला हातच लावला नव्हता.

पुष्कळ पुरुष म्हणतात, 'आम्हाला पोळ्या लाटता येत नाहीत.' ठीक आहे. या कढणात काही लाटायचे नाही, थापायचे नाही, वळायचे नाही. धुणे, चिरणे, परतणे आणि शिट्ट्या मोजणे एवढेच आहे. हे आठवीतल्या मुलालाही जमते. गरम कुकर उघडताना मोठे माणूस शेजारी असले म्हणजे झाले. दहावीला बसलेल्या मुलीला सात वाजता अभ्यासावरून उठवून 'कणीक मळ' म्हणायचे आणि तिच्या भावाला मात्र पुस्तकापुढे बसवून ठेवायचे, हे अनेक घरांत अजून चालते. रोजचा एक तास धरला तरी वर्षाचे ३६५ तास तिच्या अभ्यासातून जातात. निकाल लागला की मग आपणच म्हणतो, पोरगी मागे पडली. ती मागे पडत नाही, आपण तिला चुलीकडे ओढत असतो.

रोज वेगळी चव

तेच तेच खाऊन कंटाळा येऊ नये म्हणून काही बदल करता येतात.

अंड्याचे : सातवी पायरी झाल्यावर कढण बारीक आचेवर उकळत ठेवावे. माणशी एक अंडे त्यात अलगद फोडून सोडावे, न हलवता झाकण ठेवून सात-आठ मिनिटे शिजवावे. बलकही घट्ट झाला पाहिजे.

सुकटीचे : सुकट किंवा जवळा निवडून कोरड्या तव्यावर भाजावा, गरम पाण्यात धुवावा आणि पाल्याबरोबर घालून उकळावा. सुक्या मासळीत मीठ असते, म्हणून कढणात मीठ बेताने घालावे.

हाडांचे : रविवारी मटण आणले तर नळ्या आणि हाडे वेगळी ठेवावी. हळद आणि पाणी घालून ती आधी कुकरमध्ये बारीक आचेवर अर्धा तास शिजवावी, मग त्याच पाण्यात डाळी-कण्या शिजवाव्या.

हुलग्याचे : मसुराऐवजी हुलगे, म्हणजे कुळीथ, घेता येतात. त्यांची साल कठीण असते, म्हणून रात्रीच भिजत घालावे आणि शिट्टीनंतर बारीक आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. पावसाळ्यात आणि थंडीत हे फार बरे वाटते.

येसराचे : मराठवाडा-सोलापूरकडे भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले एकत्र दळून येसर करून ठेवतात. गावाकडून बरणीभर आले असेल तर दोन चमचे पाण्यात कालवून शेवटी घालावे. कढण दाट होते आणि चव खुलते. येसर घातल्यावर वेगळा मसाला लागत नाही.

घरात रक्तदाबाचे कोणी असेल तर त्यांच्या वाडग्यात मीठ कमी घालावे आणि सोबत पापड-लोणचे देऊ नये. लिंबू आणि लसणामुळे कमी मिठातही चव लागते.

एक सूचना. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आठवड्यातले दोन दिवस कढणाचे म्हणून ठरवावे आणि त्या दिवसापुढे कोणी भिजत घालायचे, कोणी चिरायचे, कोणी भांडी घासायची त्यांची नावे लिहावी. नावांत नवऱ्याचे आणि मुलाचे नाव असलेच पाहिजे. पहिले दोन आठवडे आठवण करून द्यावी लागेल, तिसऱ्यापासून आपोआप होते. आणि त्या दिवशी जो तास मोकळा मिळेल तो पुन्हा कपाट आवरण्यात घालवू नये. मुलांबरोबर बसावे, वर्तमानपत्र वाचावे, नाहीतर सरळ पाठ टेकावी. तो तास तुमचा आहे.